फलाट क्रमांक चारचा आवाज

१

भीमराव कंट्रोलरचा आवाज लातूरच्या सभागृहात शंभर माणसांच्या देखत गडप झाला, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या नागुबाईला आधी वाटलं, आपल्याच कानाला काही तरी झालं. वय सदुसष्ट, नांदेडहून एसटीत बसून अंग खिळखिळं झालेलं, गुडघे तर सकाळपासून तिच्याशी भांडत होते. पण कान शाबूत होते. तरोडा नाक्याच्या तिच्या खानावळीत कुठल्या ताटातली भाजी संपली, हे ती पाठमोरी असताना सांगायची.

समोरच्या पांढऱ्या पडद्यावर तिच्या नातीनं, बुद्धप्रियानं, ओळ लिहिली होती: वाजव आबा, आठ तुकडे, हळू. त्या ओळीखाली लाल अक्षरं उमटली. नागुबाई तिसरी शिकलेली. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं. 'आबा' सापडला नाही.

"ह्यात टाळ्या कशाच्या?" तिनं शेजारच्या पोरीला खडसावलं. "माणूस हरवला अन् तुमी टाळ्या पिटता?"

"आज्जी, आमच्यात पद्धत आहे. चुकलं की टाळ्या वाजवायच्या. वाजवणाऱ्याला धीर येतो."

"धीर! मयताला बी वाजवत असाल."

या लोकांच्या पद्धती समजायला नागुबाईला वर्ष लागलं होतं. पेटी नाही, तबला नाही. इंटरनेटवर एक पान उघडायचं, त्याचं नाव तालपाटी. त्यात ओळी लिहायच्या, दोन बटणं दाबायची की ओळीचं संगीत होतं. ओळ बदलली की संगीत बदलतं. लिहिणाऱ्याची अक्षरं लोकांना पडद्यावर दिसलीच पाहिजेत, लपवाछपवी चालत नाही. आणि कार्यक्रमाला सुरुवात कोऱ्या पानापासून. घरून लिहून आणायचं नाही, पान सगळ्यांसमोर नव्यानं उघडायचं. मुळात इंग्रजीत असलेले हे ओळींतले हुकूम नांदेडच्या चार जणांनी मराठीत आणले होते, त्याला पुण्या-बंगळूरकडची माणसंही नावाजत. ते चौघं नागुबाईच्या खानावळीवरच्या खोलीत जमायचे, म्हणून तिला हे माहीत.

आणि 'आबा' म्हणजे तिचा नवरा. भीमरावानं नांदेडच्या बसस्टँडवर सव्वीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याच्या दोन आठवडे आधी नातीनं हट्टानं त्याला घरीच बसवून सगळा पुकारा मोबाईलवर बोलून घेतला होता. मिनिटभराचा. तेवढाच मागं उरला होता.

आज तो लातूरकरांना ऐकवायचा, म्हणून नागुबाईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं.

बुद्धप्रिया व्यासपीठावरून उतरली. तिचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा झाला होता.

"आज्जी," ती म्हणाली, "डबा रिकामा आहे. कुणी तरी आबांना काढून टाकलंय."

२

डबा म्हणजे काय, ते नागुबाईनं मागच्या खोलीत दोनदा विचारून घेतलं. या चौघांचे सगळे आवाज इंटरनेटवर एका जागी ठेवलेले असत, त्याला ते डबा म्हणत. वाजवताना पान डब्यातून आवाज आणतं. डब्याला परवलीचा शब्द होता, पण तो खानावळीवरच्या खोलीत भिंतीवर खडूनं लिहिलेला. कुलूप नको, हीसुद्धा पद्धत.

"म्हंजे चौघांपैकी कुणी बी काढू शकतंय."

"आणि चहा द्यायला वर येणारं कुणीही," लातूरच्या मंडळाची शिवकन्या म्हणाली. कार्यक्रम तिनं भरवला होता. पस्तिशीची, डोळ्यांवर चष्मा, बोलणं तोडून. "मावशी, खरं सांगू का? मला तो आवाज कार्यक्रमात नकोच होता. संगीत ओळीतून उगवलं पाहिजे, उसना आवाज कशाला आणायचा? हे मी तोंडावर सांगितलंय पोरींना."

"तोंडावर सांगणारं माणूस मागनं चोरी करत न्हाई," नागुबाई म्हणाली. "तुमी नांदेडला कधी आल्ता?"

"आयुष्यात नाही."

"मंग भिंत बी बघितली न्हाई. जा, तुमचे पावणे सांभाळा."

उरले चौघं. नात बुद्धप्रिया. तिची मैत्रीण ऋतुजा, बिलोलीची, नांदेडात वसतिगृहात राहणारी. बजरंग, अर्धापूरच्या केळीवाल्या घरातला, डब्याची व्यवस्था बघणारा. आणि नागुबाईचा धाकटा मुलगा प्रीतम, चौतीस वर्षांचा, संगणक टंकलेखनाचा वर्ग चालवणारा. बुद्धप्रियाला पहिली ओळ त्यानंच शिकवली.

सगळ्यांचे डोळे ऋतुजाकडे गेले होते. सकाळी दहा वाजता, बाकीचे चहाला गेले असताना, सभागृहात लॅपटॉपपाशी ती एकटी होती.

"काय करून राहिली होतीस गं एकली?"

"केबल लावत होते, मावशी." ऋतुजानं पिशवीतून काळी वायर काढून दाखवली. "यांच्या स्पीकरची केबल तुटकी निघाली, म्हणून मी माझी लावली. डब्याला हातसुद्धा लावला नाही."

"काल संध्याकाळी आवाज होता," बजरंग खाली मान घालून म्हणाला. "सरावाला आपण सगळ्यांनी ऐकला. आज अकराला न्हाई. मधी लॅपटॉपपाशी एकटी ऋतुजाच."

"एकटी म्हणजे चोर का रे?"

"मी कुठं म्हणलो? टायमाचं सांगून राहिलो."

नागुबाईला कालची संध्याकाळ आठवली. ती स्वतः चहा घेऊन वर गेली होती. खाली गिऱ्हाईक जेवायला बसलेलं, म्हणून चौघांच्या कानांत इयरफोन. ज्याचा त्याचा लॅपटॉप ज्याच्या त्याच्या कानात वाजायचा. बुद्धप्रिया पुटपुटत होती, "इस्लापूरला आबा कसे लांबवायचे ना!" प्रीतम उशिरा आला होता. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी वाटेतच संपली, वायर लावून तो सुरू होईस्तोवर चहाला साय आली. मग इयरफोन कानात घालून त्यानं मान डोलावली होती. "आज आबाचा आवाज लई घुमायलाय." नागुबाईला ते ऐकून बरं वाटलं होतं.

म्हणजे काल होता. आज नाही. हिशोब सरळ ऋतुजाच्या दारात जात होता.

नागुबाईला सरळ हिशोब कधीच आवडले नाहीत. पण या वेळी दुसरा सापडेना.

"तुझ्या मनात काय हाय पोरी, मला कळंना," ती म्हणाली. ऋतुजा ढसाढसा रडू लागली आणि तिला जवळ घ्यायला कुणीही उठलं नाही. बुद्धप्रियासुद्धा नाही.

३

परतीच्या गाडीत खिडक्यांतून फुफाटा येत होता. नागुबाईनं बजरंगला शेजारी बसवून घेतलं.

"तुझं अन् बुद्धप्रियाचं भांडण कामून झालं गुरुवारी?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"जिन्यावरून उतरताना तुझ्या चपलेनं."

बजरंग ओशाळला. "भांडण म्हंजे... मी म्हणलो, आवाज प्रत्येकानं आपापल्याकडं बी ठेवा. डब्याचा भरोसा न्हाई, फुकटातली जागा. हिनं हसण्यावारी नेलं. लिंक हाय ना, म्हणली. आमच्यात सगळे असेच, मावशी. घरी कुणी काही ठेवत न्हाई. दुनियेला लिंक देत्यात, अन् स्वतःजवळ कोरी पाटी."

"म्हंजे दुसरीकडं कुठंच न्हाई?"

"ज्या मोबाईलवर बोलून घेतलं, तो मागल्या साली तुमच्याच वरणात पडला."

तो पडला होता खरा. पंधरा माणसांचं वरण फेकावं लागलं होतं.

"आणि बुद्धप्रियाचा लॅपटॉप?"

"पावसाळ्यात बिघडला तवा पुसून नवा केला."

पुढच्या बाकावर प्रीतम बसला होता. तो एकदम मागं वळला. "पुसला? तिच्याकडं प्रत न्हाई?"

"न्हाई म्हणून तर रडायली ना ती," नागुबाई म्हणाली.

प्रीतमनं बुद्धप्रियाकडं पाहिलं, मग बजरंगकडं. "आई, एखाद्या जुन्या कार्डात असंल. थोरल्या दादानं पुण्याला नेलं असंल."

"थोरल्यानं बापाचा चष्मा नेला न्हाई, आवाज कुठनं नेतोय."

प्रीतमनं पाण्याची बाटली उघडली, प्याला नाही, तसंच झाकण लावलं. अहमदपूर आलं, गेलं. लोह्यापर्यंत तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला. नागुबाईला वाटलं, बापाच्या आठवणीनं पोरगा खचला. तिलाही खचायचं होतं, पण संध्याकाळी तीस माणसांचा स्वयंपाक होता, आणि खचायला बसलं की गुडघे पुन्हा उठू देत नाहीत.

नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर माईकवरून कुण्या नव्या माणसानं भोकरची गाडी पुकारली. भराभरा, नाकातून, कामचुकारपणानं. नागुबाई थांबली नाही.

"सगळे खानावळीत चला," ती म्हणाली. "ऋतुजा, तू बी. न उलगडता कुणी घरी जायाचं न्हाई."

४

पाच वाजले होते. खानावळीच्या काउंटरवर एक म्हातारा कॉम्प्युटर होता. प्रीतमनं वर्गातून मोडीत काढलेला. गुरुवारच्या सरावाच्या वेळी बुद्धप्रियानं त्याला आपल्या मोबाईलचं नेट लावून त्यावर तालपाटीचं पान उघडून दिलं होतं, वर चौघं लिहितात ते आज्जीला खाली बसून बघता यावं म्हणून. सराव संपल्यावर नेट बंद केलं, पण पान तसंच राहिलं. कॉम्प्युटर बंद करायचा कसा, हे नागुबाईला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. सकाळी कणीक मळायच्या आधी ती हात पुसून दोन बटणं दाबायची. आबा बोलायचे. मग ती कामाला लागायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आता ती घोटभर पाणी प्यायली, पदरानं तिनं तोंड पुसलं, आणि सवयीनं, काहीही मनात नसताना, दोन बटणं दाबली.

"भोकर... हिमायतनगर... इस्लापूऽऽर... किनवटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर..."

बुद्धप्रियाच्या हातातली पिशवी खाली पडली.

भीमराव बोलत होता. तुकड्या-तुकड्यानं, मागं ताल धरून, टक्-टकाटक्, कोरड्या ठोक्याच्या लयीत. पण होता. डब्यात नव्हता, लातूरला नव्हता, आणि इथं मिठाच्या बरणीशेजारी बोलत होता.

"परत आला!" बजरंग ओरडला. "डब्यात कुणी तरी परत ठेवला! थांबा, रिफ्रेश करून बघतो..." त्याचा हात बटणाकडं गेला.

"न्हाई!" बुद्धप्रिया किंचाळली.

तिचा शब्द पुरा व्हायच्या आत लाटणं बजरंगच्या मनगटावर बसलं. नागुबाईला कारण कळलं नव्हतं. नात किंचाळली, एवढं तिला पुरे होतं.

५

बुद्धप्रियानं आधी स्वतःचा मोबाईल बंद केला. मग श्वास घेऊन सांगितलं.

"आज्जी, डबा अजून रिकामाच आहे. पान आवाज एकदाच डब्यातून आणतं आणि पोटात धरून ठेवतं. पान उघडं आहे तोवर डबा रिकामा झाला तरी वाजत राहतं. हे पान गुरुवारचं आहे. नव्यानं उघडलं, रिफ्रेश केलं, की ते पुन्हा डब्याकडं जाणार, आणि..."

"आणि आबा सापडणार न्हाई."

"हो. माझ्या मोबाईलचं नेट चुकून जोडलं गेलं असतं, तरी पडद्यावरच्या ओळी पुसून गेल्या असत्या. शनिवारी सराव संपल्यावर आम्ही सगळ्यांचं पान पुसलं होतं."

बजरंग मनगट चोळत मागं सरकला. यांच्यातल्या कुणालाही काही अडलं की हात आधी त्याच बटणावर जातो. आज तो गेला असता तर भीमराव दुसऱ्यांदा गेला असता.

नागुबाई स्टुलावर बसली. ती थकली होती, डोळ्यांपुढं धूळ नाचत होती. पण डोक्यात एक दाणा टचकन फुटला होता.

"थांबा. डबा रिकामा असून माझ्याकडं आवाज हाय. मंग काल संध्याकाळी तुमच्याकडं बी तसंच असंल की. काल तुमी ऐकलं म्हंजे काल तो डब्यात होता, असं कुठं हाय?"

ती स्टुलावरच ऋतुजाकडं वळली.

"ऋतुजा, काल तू पान नवीन उघडलंस का?"

"नाही मावशी. मी लॅपटॉपचं झाकण लावते नुसतं. पान गुरुवारपासून उघडंच होतं."

"बजरंग?"

"माझी पन्नास पानं उघडी असत्यात. एक बी बंद करत न्हाई."

"मीही नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "आज लातूरला मात्र कोरं पान नव्यानं उघडलं. पद्धतच आहे ना."

"म्हंजे चोरी आज सकाळचीच, असं काही न्हाई. गुरुवारच्या रातीपासून कधी बी झाली असंल. ह्या लेकरानं नाहक बोल खाल्ले." नागुबाईनं ऋतुजाकडं पाहिलं. माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं नजर फिरवून कॉम्प्युटरकडं नेली.

पडद्यावर गुरुवारच्या ओळी होत्या. पोरं त्यांच्याकडं बघत होती ती नेहमीसारखी, वाजणाऱ्या ओळींवरून वाजणाऱ्या ओळींवर उड्या मारत. नागुबाईला उड्या मारता येत नव्हत्या. ती वरून खाली, एकेक अक्षर लावत वाचत गेली. मध्ये काही ओळी करड्या रंगाच्या होत्या, आधी दोन तिरप्या रेघा मारलेल्या.

"ह्या फिक्या कशाच्या?"

"त्या वाजत नाहीत," बुद्धप्रिया म्हणाली. "दोन रेघा मारल्या की ओळ मुकी होते. कुणी काही टिपून ठेवतं. त्या कुणी वाचत नाही."

"मी वाचायलाव."

खानावळीत कुकरची शिट्टी झाली, कुणी गॅस बारीक केला नाही. नागुबाईनं बोट पडद्याला टेकवून मोठ्यानं वाचलं:

"हा ठोका नाही. खोकला आहे. कृपया काढा."

आणखी खाली, तीच करडी ओळ. आणि आणखी खाली, तिसऱ्यांदा.

बुद्धप्रियाचा हात तोंडावर गेला. "तो कोरडा ठोका... पुकाऱ्याच्या शेवटी आबांनी घसा साफ केला होता, तो तुकडा मी गुरुवारी तालाला घेतला. घसाच साफ केलाय असं वाटलं, आज्जी. खरंच."

ते कॉम्प्युटरमधून अजून वाजत होतं. टक्-टकाटक्. नागुबाईनं कान दिला, आणि तिला ते ऐकू आलं. त्या दोन आठवड्यांची सुरुवात.

"बंद कर," ती म्हणाली.

बुद्धप्रियानं ठोका थांबवला. नागुबाई कुणाकडंही न बघता बोलू लागली, भाजी निवडताना बोलावं तसं.

"हा खोकला ओळखणारं माणूस त्याच्या उशाशी बसलेलं पायजे. ऋतुजा, बजरंग तवा आपल्याला माहीत बी नव्हते. नातीला दवाखान्यात येऊ दिलं न्हाई. थोरला पुण्यात अडकला. दवाखान्यात शेवटचे आठ दिस एकटा प्रीतम होता." ती थांबली. "अन् माझ्या घरात कृपया लिहिणारा बी तोच. वर्गाच्या दारावर पाटी हाय त्याच्या, कृपया चपला बाहेर काढा."

प्रीतम उभाच होता, दाराच्या चौकटीला पाठ लावून.

"तेवढ्यानं चोर ठरत न्हाई," नागुबाई म्हणाली. "लिहिणं येगळं, काढणं येगळं. पण काल मी चहा घेऊन वर आले, तवा तुझ्या लॅपटॉपची बॅटरी संपली होती. तू वायर लावून सगळं नव्यानं सुरू केलंस. पान नव्यानं उघडलंस. डबा भरलेला असता तर आवाज तुझ्या कानात आला असता. रिकामा असता तर लाल अक्षरं आली असती, अन् तू बोंब मारली असतीस, आबा सापडंना म्हणून. तू काय म्हणलास?"

"आज आबाचा आवाज लई घुमायलाय," बुद्धप्रिया हळूच म्हणाली.

"शनवारी डबा भरलेला असता, तर तो कालच्या सरावानंतर काढला असता, अन् काढावासा वाटणारा तू एकलाच. अन् सकाळपासून तू माझ्या शेजारच्या बाकावर. काल रातच्यापासून तू माझ्या नजरेआड झाला न्हाईस, जेवलास बी इथं, झोपलास बी इथं. म्हंजे काल तुझ्या कानात काही वाजतच नव्हतं, प्रीतम. न ऐकलेल्या आवाजाला तू मान डोलावलीस. डबा रिकामा हाय हे ज्याला आधीच माहीत होतं, तोच डोलावणार."

६

"गुरुवारी रात्री काढला," प्रीतम म्हणाला. आवाज बापाचाच होता त्याचा, फक्त पडलेला. "मला वाटलं, बुद्धप्रियाकडं प्रत असंल. कार्यक्रमापुरता आवाज सापडणार न्हाई, मग मी म्हणीन दुसरं काही घ्या. नंतर परत ठेवू. गाडीत बजरंग म्हणाला तवा कळलं, मी काय केलं."

"काका, मला सांगायचं ना!" बुद्धप्रिया रडत होती. "नुसतं तोंडानं म्हटलं असतं तरी..."

"तीनदा लिहिलं."

"करड्यात!"

"मला म्हणायचं असतं," नागुबाई म्हणाली. "आई हाय मी तुझी. तुला दोन पायऱ्या उतरून खाली येऊन सांगता आलं न्हाई?"

"आलो होतो." प्रीतमनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "गुरुवारी. सांगायलाच आलो होतो खाली. तू काउंटरपाशी उभी होतीस. त्या ठोक्यावर पायानं ताल धरला होतास. हसत होतीस, आई. चार वर्षांनी. मी परत वर गेलो."

साऱ्या खानावळीचे खोकले ओळखणाऱ्या बाईनं स्वतःच्या माणसाच्या खोकल्यावर पाय आपटला होता.

तेवढ्यात पंखा थांबला. लाइट गेली.

काउंटरखालून यूपीएस टूं-टूं करू लागला. तोही मोडीतलाच.

"किती वेळ चालतोय हा?" बजरंगनं विचारलं.

"चार मिनिटं," प्रीतम म्हणाला. "लई झाली तर."

कॉम्प्युटर बंद पडला की पान बंद, पान बंद की आवाज संपला. हे आता नागुबाईलाही कुणी सांगायची गरज नव्हती. "बघत काय राहिलाव?" ती गरजली. "काढा त्याला भाईर!"

ऋतुजाच्या पिशवीतून ती काळी केबल निघाली. सकाळी जिच्यामुळं ती चोर ठरली होती, तिचं एक टोक कॉम्प्युटरच्या मागं गेलं, दुसरं तिच्या लॅपटॉपमध्ये. बुद्धप्रियानं कीबोर्ड ओढला, पण बोटं चालेनात. दोनदा चुकलं, दोनदा लाल अक्षरं आली. यूपीएसचा टूं-टूं जवळ-जवळ येऊ लागला.

"सर बाजूला," प्रीतम म्हणाला. तो टंकलेखनाचा मास्तर होता. न बघता त्यानं लिहिलं: वाजव आबा, सबंध, एकदा.

"आई, दाब."

नागुबाईनं दोन बटणं दाबली.

भीमराव बोलला. सबंध, न कापलेला. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट, माहूर. बिलोली, नरसी, देगलूर. अर्धापूर, हदगाव. बजरंगला आपल्या गावाचं नाव ऐकून उगाच डोळ्यांत पाणी आलं. ऋतुजाच्या लॅपटॉपवर हिरवी रेघ वर-खाली होत होती आणि ती श्वास धरून तिच्याकडं बघत होती. मग, "बस कर की गं माय, गाडी सुटली आता," असं नातीला म्हणून तो हसला. हसता-हसता खोकला. एकदा, दोनदा.

पडदा काळा झाला.

"आलं का?" कुणी तरी कुजबुजलं.

ऋतुजानं लॅपटॉप फिरवला. "आलं. शेवटपर्यंत."

बजरंगनं मग आपल्या मोबाईलवर एक प्रत घेतली, बुद्धप्रियानं घेतली, प्रीतमनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"घे," नागुबाई म्हणाली. "तुझा बी बाप हाय."

"काका, खोकला कापून टाकू?" बुद्धप्रियानं विचारलं.

उत्तर नागुबाईनं दिलं. "मिनिटभराचा माणूस उरलाय, त्यातनं काय काय कापशीला? राहू दे. शेवटी हाय, शेवटीच राहू दे. त्याचा ताल नको फकस्त."

"मग ठोका कुठला घेऊ, आज्जी?"

नागुबाई उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिनं ऐकलं नाही. परातीतला गोळा घेतला, पोळपाट ओढला. लाटणं पोळपाटाच्या कडेला लागलं. टक. मग फिरलं. टक-टक.

"हा घ्या. तीस माणसांच्या चपात्या होईस्तोवर वाजंल. ज्याला पाहिजे तितका घ्या."

बुद्धप्रियानं मोबाईल पोळपाटाजवळ धरला. लाटणं चालू लागलं. प्रीतम मेणबत्ती लावायला उठला, तशी नागुबाई वर न बघता म्हणाली, "पुढल्या खेपेला लातूरला आबाची ओळ तू लिहायची. वाजणाऱ्या रंगात. अन् मला काही सांगायचं असंल तर कृपया-बिरपया न लिहिता खाली यायचं."

"हाव, आई."

पहिली चपाती फुगली. ती कुणाच्या ताटात जाते याकडं खानावळीत कुणाचं लक्ष नसतं, पण त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. ती ऋतुजाच्या ताटात गेली, वर तुपाची धार घेऊन.

"खा," नागुबाई म्हणाली. "सकाळपासून रडून राहिलीस, पोटात काही न्हाई."